विंगेतले ओठ

स्नेहलतागंजच्या दवाखान्यात, तपासून झालेलं एक जोडपं माझ्यामागच्या बाकावर औषधांसाठी थांबलं होतं. त्यांच्या ओळखीच्या एक बाई शेजारी येऊन बसल्या.

"सरोजिनीताईंचाही घसाच ना, श्रीपादजी? मला तर थुंकी गिळतानाही दुखतंय."

"नाही हो, अमिताताई. हिने सकाळी मजेत पोहे-जिलेबी खाल्ली. फक्त आवाज गेलाय. सूज स्वरयंत्राला आहे म्हणाले डॉक्टर. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"अरे भगवान! मग आज नाटकात प्रॉम्प्टिंग कोण करणार?"

"हीच."

"आवाजाशिवाय?"

"महिनाभर पोरांकडून एकेक मराठी वाक्य हिनेच घोटून घेतलंय. तोंडात हिंदी यायला लागली, की पोरं विंगेत बघतात. हिचे ओठ हलले, की गाडी परत रुळावर."

"कमाल आहे! आत्ता काय म्हणताहेत त्या?"

"म्हणतेय, विंगेत तेवढा एक बल्ब लावा."