पिवळ्या पट्ट्याच्या आत पाय नाही

…आणि वर साहेब मलाच विचारतात, "मुलांना तुम्ही नेमकं दाखवलंत काय?" काय दाखवलं? बंद पडलेला रोबो दाखवला. पुन्हा पुन्हा दाखवला.

तुम्हाला सांगतो, दहावीची अख्खी तुकडी कारखान्यात आणायची, आधुनिक यंत्रांवर काय काय नोकऱ्या असतात ते समजावायचं, ही कल्पना साहेबांची. समजावणार कोण? मी. कारण आमचा प्रशिक्षण विभाग म्हणजे मी आणि एक फळा. साहेबांनी आदल्या दिवशीच बजावलेलं, "एकाही मुलाने शिकाऊ म्हणून नाव दिलं नाही, तर विभाग बंद. तुम्ही परत रात्रपाळीला." या वयात रात्रपाळी… जेवतोय की नाश्ता करतोय, तेच कळत नाही हो माणसाला.

त्यात त्या तुकडीत माझी लेक. सकाळी घरातून निघतानाच तिचा हुकूम, "बाबा, ओळख दाखवायची नाही. विनोद करायचे नाहीत. आणि 'आमच्या वेळी' तर अजिबात नाही." मग बोलण्यासारखं उरलं काय? एकच वाक्य. पिवळ्या पट्ट्याच्या आत पाय नाही ठेवायचा.

का? तर त्या पट्ट्यावर किरणांचा पडदा असतो, डोळ्यांना दिसत नाही, पण कुणी आत आलं की रोबो जागच्या जागी थिजतो. कुणाला इजा नको म्हणून. तर मी पट्ट्याशी, मुलांकडे तोंड करून उभा. "बघा मुलांनो" म्हणून रोबोकडे वळलो, आणि तो थिजला. मुलांकडे वळलो, "कुणाचा पाय आत आला?" कुणाचाच नाही. बटण दाबलं, चालू झाला. "हं, तर बघा…" वळलो. थिजला.

मागून एक कार्टं म्हणतं, "सर, याची जेवणाची सुट्टी झाली का?" त्यांच्या बाई म्हणतात, "राहू द्या हो, आमच्या वर्गातही मी वळले की काम थांबतं." दुरुस्तीवाल्याला बोलावलं, मी बाजूला झालो, रोबो सुरळीत. तो माझ्याकडे असा बघून गेला, जणू मीच आजारी आहे. आणि मी आपला पुन्हा पट्ट्याशी उभा… पिवळ्या पट्ट्याच्या आत पाय नाही हं.

एवढ्यात आवाज आला, "बाबा." सगळ्यांसमोर. स्वतःचाच हुकूम मोडून. पोरगी उकिडवी बसून मघापासून बघत होती. "मागे सरका. आता पुढे या. पाय तिथेच, नुसते वळा." वळलो. थिजला. "परत मागे." बटण दाबलं, चालू. उठून हात झटकत म्हणते, "पाय बाहेरच आहेत. पोट आत जातंय."

मग काय, मुलं जी उसळली… किरण कुठून निघतो, पेन्सिल आडवी धरली तर थांबेल का, हे ठरवतं कोण, ते काम शिकवता का? माझ्या भाषणाला जांभया देणारी पोरं जायला तयार होईनात. शेवटी नाव आलं एकच. लेकीचं. "असल्या भानगडी शोधून काढायचा पगार मिळत असेल, तर मला चालेल," म्हणाली.

विभाग वाचला. आता दर महिन्याला नवी तुकडी येते, आणि साहेब म्हणतात, "भाषण राहू द्या, तुम्ही फक्त वळून दाखवा." वजन कमी करू का, असंही विचारून पाहिलं.

म्हणाले, "इतक्यात नको."