कानातल्याचा जप

मंडळी, ऐका! आज प्रश्न अगदी साधा आहे. तोंडातून शब्द निघाला की तो जातो कुठे? हवेत विरतो म्हणता? बरं! मग सुनेबद्दल ओट्यावर बसून बोललेला शब्द का विरत नाही? तो बरोब्बर तिच्याच कानी कसा जातो? आता त्याच्या पुढचा प्रश्न — ज्या माणसाला ऐकूच येत नाही, त्याच्याबद्दल बोललेला शब्द कुठे जातो?

गप्प बसलात! पेटीवाले, सूर धरा. छे, एवढा गोड नको, कुणाचं लग्न नाही इथे. जरा अंगावर काटा येईल असा... हां. हा बरा आहे.

तर तळेघर नावाचं गाव. गावात कासारआळी. आळीत शेवटच्या घरात दोन माणसं — द्वारकाबाई आणि त्यांचा मुलगा हेरंब. हेरंबाची नोकरी घरबसल्या, कंप्युटरवर. सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसायचं, दिवे लागले की उठायचं. अंगात वर इस्त्रीचा सदरा, खाली लेंगा! कॅमेऱ्यात जेवढं दिसतं तेवढंच सभ्य असलं की भागतं. (हसू नका, पुढच्या रांगेतल्या दोघांना मी ओळखतो.)

आणि द्वारकाबाई? त्यांना ऐकू यायचं नाही. अगदीच नाही असं नाही, पण कमी. आवाज कानाच्या आत शिरला तरच पोचायचा. म्हणून टीव्ही केवढ्यानं लावायच्या? टीव्हीतल्या सासूनं सुनेला झापलं की हेरंबाचा साहेब पलीकडून विचारायचा, "हेरंब, घरात काही प्रॉब्लेम आहे का?"

आणि हेरंब आईशी बोलायचा कसा? बोलायचाच नाही! ओरडून ओरडून घसा बसतो म्हणून त्यानं खुणा सुरू केल्या. हात तोंडाशी नेला — जेवायला चल. मनगटावर बोट ठेवलं — गोळीची वेळ झाली. तळहात दाखवला — थांब, मीटिंग आहे. वर्षानुवर्षं! दोन माणसं, एक घर, आणि बोलायला फक्त तो टीव्ही.

शेवटी हेरंबानं आईसाठी इअरफोन आणले. बिनतारी. डबीत दोन पांढरे दाणे, कवळीच्या दाढेसारखे. जोडणी केली. डबी उघडली, बटण दाबून धरलं, निळा दिवा लुकलुकला, टीव्हीनं विचारलं, "जोडू का?" हा म्हणाला, "जोड." झालं! टीव्ही मुका, द्वारकाबाई खूश. त्या त्याला इअरफोन म्हणत नसत हो. त्या म्हणत, "माझं कानातलं." कुड्या काढून ठेवल्या आणि हे घातलं!

आता त्याची निगा. डबीबरोबर एक कागद येतो. तो कागद कुणी वाचतं का? हेरंबाच्या घरी तो टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली गेला. त्यात लिहिलं होतं — कोरड्या फडक्यानं पुसा, मऊ ब्रशनं जाळी साफ करा, आणि काही झालं तरी फुंकू नका. आणि द्वारकाबाईंचा नेम काय? रोज झोपताना कानात कोमट तेल! सकाळी तोच कान, त्यातच कानातलं. तेल आणि मळ जाळीत जाऊन बसायचा, आवाज घुसमटायचा, आणि बाई दाणा हातात घेऊन हेरंबाच्या खुर्चीमागे येऊन उभ्या. रोज!

त्या दिवशी साहेबाची मीटिंग. हेरंबाला बोलणी बसत होती. आणि मागे आई, तळहातावर दाणा. ह्यानं तळहात दाखवला — थांब. त्या थांबल्या. जात नाहीत! ह्यानं मीटिंगमधला आपला आवाज बंद केला, दाणा ओढून घेतला, ओठांशी नेला आणि दातओठ खात म्हणाला —

"जा आता एकदाची. सुटू दे मला. फू!"

मंडळी, आपल्याकडे गुरू कसा करतात? शिष्याच्या कानाशी तोंड न्यायचं, मंत्र म्हणायचा, फुंकर घालायची. कान फुंकला — झाला शिष्य! आता त्यानं काय करायचं? जप. उठता बसता जप. हेरंबानं काय केलं? जी वस्तू जन्मालाच कान म्हणून आली, तिच्याशी तोंड नेलं, पोटातली गोष्ट म्हटली, आणि फुंकर घातली!

नंतर तो स्वतःची समजूत घालत होता, मी त्या मळाला, त्या तेलाला म्हणालो. बरं! जाळीत होता तो मळ. होतं ते तेल. आणि हा म्हणाला "एकदाची". व्याकरण कुणालाही सोडत नाही हो!

दुसऱ्या दिवशी दुपारी काम करताना हेरंबाला कुजबुज ऐकू आली. कोनाड्यातून. संध्येला बसलेला म्हातारा पुटपुटतो तशी. तो उठला, कोनाड्याशी गेला. तिथे काय? ती डबी. बंद. झाकणाला कान लावला —

"जा आता एकदाची, सुटू दे मला. जा आता एकदाची, सुटू दे मला."

त्याचाच आवाज! श्वाससुद्धा त्याचा. दातओठ खाल्लेला तो करकरीत आवाजसुद्धा! शिष्य पक्का निघाला होता. जपाला बसला होता, आणि जोडीचा दाणाही त्याच्या सुरात सूर मिळवून!

आता शिकलेला माणूस काय करील? रीसेट! बटण दाबून धरलं, दिवा लाल झाला, पांढरा झाला, विझला. जप चालू. कंप्युटरला जोडून पाहिलं, यादीतून काढायला गेला. कंप्युटरनं विचारलं, "हे उपकरण विसरायचे?" हा म्हणाला, "हो." चक्र फिरलं, फिरलं... आणि पाटी आली — "विसरता आले नाही."

मग ती डबी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. त्या दिवशीचा भात काही केल्या शिजेना.

मग तो बाजारात नजीरच्या दुकानात गेला. नजीर मोबाईल दुरुस्त करायचा, तोंडात कायम बडीशेप. त्यानं दाणा कानात घातला. बडीशेप चावायची थांबली.

"काय बिघाड आहे?" हेरंब म्हणाला.

"बिघाड नाही, साहेब. चालू आहे."

"मग काय ऐकू येतंय?"

"तुम्ही." नजीरनं दाणा काढून पुढे सरकवला. "कुणाला घालवताय, साहेब?"

हेरंबानं दाणा उचलला. तो वळला. मागे शटर अर्ध्यावर ओढल्याचा आवाज आला, आणि नजीरचा — "हॅलो, अम्मी? काही नाही गं. असाच केला."

आता मंडळी, जप नुसता असतो का? जप पुरा झाला की मंत्र फळतो! हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि त्या दाण्यालाही ठाऊक होतं.

द्वारकाबाई कमी व्हायला लागल्या.

आजारी नाही हं, ताप नाही, खोकला नाही. कमी. कोचावर बसल्या तरी गादी दबेना. चालल्या तरी जिन्याची एरवी कुरकुरणारी पायरी कुरकुरेना. आणि एके दिवशी फोन घेऊन आल्या. "हेरंबा, हा मला ओळखत नाही रे." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. काही नाही. दाबलं. काही नाही! हेरंबानं तेच बोट आपल्या हातात धरून टेकवलं. पडद्याला काही लागलंच नाही. फोनच्या लेखी तिथे कुणी नव्हतं.

हेरंब धावत कोनाड्याशी गेला, दाणा ओठांशी धरला आणि म्हणाला, "आई, शंभर वर्षं जग! फू!"

जप थांबला.

हेरंबानं दाणा कानाशी धरला. दाणा गप्प... विचार करत असावा. आणि मग, सावकाश, "जा आता एकदाची, सुटू दे मला." पुन्हा सुरू! अहो, शिष्याला गुरूचं पोट कळतं. पहिला मंत्र पोटातून आला होता. हा दुसरा भीतीतून आला. असल्या मंत्राला दाणासुद्धा फसत नाही, आणि आपण देवाला फसवायला निघतो!

आता एकच उपाय उरला. दाणे विहिरीत टाकायचे. पण डबीत बघतो तो रिकामी, हातात हा एकच! दुसरा?

दुसरा द्वारकाबाईंच्या कानात. झोपाळ्यावर बसल्या होत्या, डोळे मिटून. टीव्ही बंद होता. टीव्ही बंद, आणि ह्या ऐकतायत! ओठांवर हसू. उन्हाची तिरीप खिडकीतून आली होती आणि त्यांच्यातून पार होऊन झोपाळ्याच्या फळीवर पडली होती.

हेरंबानं झडप घातली. त्यांनी कान झाकला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

ह्यानं खुणा केल्या. काढ! दे! फेकायचंय!

"ऐकू येतंय मला, हेरंबा. सुरुवातीपासून ऐकू येतंय. ह्यात टीव्ही कधीच बंद झाला, आता हेच लागतं."

हेरंबानं खुणेचा हात खाली घेतला.

"वाईट बोलतोस," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण बोलतोस. किती वर्षांनी आवाज ऐकला तुझा. केवढा घोगरा झालाय, अगदी ह्यांच्यासारखा. मला वाटलं होतं, अजून तसाच असेल, बारीक." त्यांनी दाणा कानात आणखी आत ढकलला. "थोडाच राहिलाय बघ जप. होऊ दे पुरा. कुणाचं काही अर्धं ठेवू नये."

काय करील तो, मंडळी? हात धरावा तर हात हातात येईना! एका कानात दाणा जपतोय, भराभर, शेवटाला आल्यासारखा. हेरंब झोपाळ्याशी गुडघ्यांवर बसला. दुसऱ्या, मोकळ्या कानाशी तोंड नेलं. आणि काय बोलावं ते सुचेना! सवयच नव्हती.

"आई," तो म्हणाला. "आई गं... काल मटकी भिजत घातली होती मी."

अहो, जगबुडी आली आणि हा मटकी सांगतोय! पण बाईंनी मान कलती केली. "थांब, थांब," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडून तूच बोलतोयस. कुणाचं ऐकू?"

इथे हेरंबाला सांगता आलं असतं — तो मी नाही. यंत्र बिघडलंय. मळ अडकलाय. पदरात घेतलं असतं आईनं, आयाच त्या!

"दोन्ही मीच आहे, आई," तो म्हणाला. "ते मी म्हणालो होतो. खरंच म्हणालो होतो. दमलो होतो गं. आणि आता हेही मीच म्हणतोय. मटकीला मोड आलेत. तू खाशील का? तुला खोबरं जास्त लागतं ना?"

द्वारकाबाईंनी मान त्याच्याकडे वळवली. दाण्याची कुजबुज चालूच. मग त्यांनी तो कानातून काढला, पदरानं पुसला. कोरड्या फडक्यानं, कागदात लिहिलं होतं तस्सा! आणि त्याच्या हातावर ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या. "एका वेळी एकाचंच ऐकू येतं मला. आणि खोबरं नको हल्ली, पचत नाही. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

त्या उठल्या. आणि झोपाळा हलला, मंडळी! कडी कुरकुरली! वजन होतं त्या बाईला!

दाण्याचं काय झालं म्हणता? गुरूनंच मंत्र कबूल केल्यावर शिष्य कुणासाठी जपणार? तो थांबला. पुरा झाला म्हणून थांबला की अर्धा राहिला म्हणून, ते हेरंबाला कळलं नाही. म्हणून तो आता रोज बोलतो. भाजीचं बोलतो, साहेबाला शिव्या देतो, घसा बसेपर्यंत बोलतो. बाई म्हणतात, "पुरे रे मेल्या!" तरी बोलतो. न जाणो, एखादाच शब्द राहिला असेल!

आता हसणं झालं असेल तर इकडे बघा. तुम्ही काय काय फुंकून आलात आज? दार लावताना, पाण्याचा पेला आदळताना, "तिला कुठे ऐकू येतंय" म्हणून? ते थांबलंय का तिथे? की घरी, कोपऱ्यात, तुमच्या आवाजात चालूच आहे?

पेटीवाले, थांबवा सूर. आता नाम घ्यायचं, मोठ्यानं, टाळ वाजवून. पण ज्यांच्या घरी ऐकू न येणारं माणूस आहे, त्यांनी नाम घ्यायला बसू नये. त्यांनी आत्ता उठावं, चप्पल सापडली नाही तर अनवाणी जावं. देव थांबेल तुमच्यासाठी, त्याला दुसरं काम नाही.

आई थांबेलच, असं मी सांगत नाही. उठा!