राजाच्या मेजवानीत मासे का नव्हते

आता मला सांगा, राजाने मेजवानीला हरीण भाजलंय, त्यात गुंगीचं औषध घातलंय, सरदार जेवून आडवा होणार, किल्ल्याच्या तळघरात जागा होणार, तिथून पुढची गोष्ट मी अकरा आठवडे बसून रचलेली... आणि आमचे व्हर्जिल ताट बाजूला सारून म्हणतात, "मार्लिस, आज शुक्रवार. ईस्टरच्या आधी शुक्रवारी मांस चालत नाही, मासेच चालतात."

अहो, शुक्रवार इथे, चर्चच्या तळघरात! गोष्टीत कसला आलाय शुक्रवार? पण अडवायची सोय होती का मला? व्रत होतं ना माझं!

तुम्हाला सांगते, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्यात प्रत्येक जण काहीतरी सोडतो. कुणी चॉकलेट, कुणी बिअर. आमच्या विस्कॉन्सिनात बिअर सोडणारा म्हणजे साक्षात संतच! मी म्हटलं, यंदा आपण खेळात "नाही" म्हणायचं सोडू. शुक्रवारी दुपारी चर्चमधलं माशांचं जेवण आटोपलं की आम्ही तिघं त्याच टेबलावर फासे काढतो. मी गोष्ट सांगायची, त्या दोघांनी आपापलं पात्र होऊन काय करणार ते बोलायचं, अडलं तर फासा. जाणकार सांगतातच, खेळणाऱ्याला अडवू नये, तो नेईल तिकडे गोष्ट न्यावी. म्हटलं, पुण्यही लागेल, खेळही रंगेल. देवा, कुठून ही बुद्धी झाली!

आणि यंदा घाई होती हो. व्हर्जिल अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ईस्टर झाला की लेकीकडे ॲरिझोनाला जाणार, कायमचे. तीस वर्षं चर्चची माशांची कढई त्यांनी सांभाळली, आणि नऊ वर्षं त्यांचा तो म्हातारा सरदार ओडो आमच्या टेबलावर लढतोय. त्याच्या हातून एकदा ड्रॅगन मरू दे, किल्ल्यावर त्याचा झेंडा लागू दे, मग जाऊ देत त्यांना... एवढंच माझं मागणं. मेरीमातेपुढे नऊ दिवस मेणबत्ती लावली त्यासाठी!

आणि व्हर्जिल विचारतात, "राज्यात तळं आहे का गं?"

तळं मी कुठे योजलं होतं? पण व्रत होतं ना माझं! "आहे," म्हटलं.

"मासे?"

"आहेत..."

"मग कढई?"

माझी नणंद डार्लीन, हिचं पात्र चोराचं, ती टुणकन उडाली. "वहिनी, कढई मी राजाच्या मुदपाकखान्यातून उचलते!" फासा टाकला तर वीस! याहून मोठा आकडा त्यावर नाहीच! नऊ वर्षांत हिला एक कुलूप उघडलं नाही, आणि आज वीस!

पुढच्या शुक्रवारी ओडो तळ्याकाठी मासे तळत बसला, तर मी मारेकरी पाठवला. व्हर्जिल म्हणतात, "दमलाय बिचारा, बटाटे सोलायला बसवा." सोलले हो त्याने! मग राजाची फौज पाठवली, शंभर घोडेस्वार. व्हर्जिल म्हणाले, "रांगेत या म्हणावं. आणि टोप काढा, आधी प्रार्थना." काढले टोप! काय करणार? व्रत होतं ना माझं!

शेवटच्या शुक्रवारी मी ड्रॅगनलाच तळ्यावर उतरवला. आग ओकत! म्हटलं, "व्हर्जिल, आला हो! उचला तलवार!"

व्हर्जिल हळूच म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लंय का त्याने?"

"अहो, ड्रॅगन आहे तो!"

"असू दे. मार्लिस, मला कुणाला मारायचं नाहीये. ओडोला इथेच ठेव, कढईपाशी. मी गेल्यावर मासे उलटायला कुणीतरी पाहिजे ना?"

डार्लीनने नाक शिंकरलं. मी... मी ड्रॅगनला पाट मांडला. दुसरं काय सुचणार होतं? किल्ला राहिला, झेंडा राहिला, अकरा आठवडे कढईत गेले!

ईस्टर झाला. व्हर्जिल ॲरिझोनाला गेले. व्रत सुटलं. म्हटलं, आता बघा, आता ठणकावून "नाही" म्हणणार! तर शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन: "मार्लिस, बटाटे संपले असतील. ओडो राजाच्या बागेत खणायला जातो, जाऊ ना?"

मी घसा खाकरला. चाळीस दिवसांचे तुंबलेले सगळे नकार जिभेवर गोळा केले. तोंड उघडलं... आणि विचारलं, "पुढच्या बागेत, की मागच्या?"