महादेवामागचा तांब्याचा पत्रा

आता हसू येतं, पण त्या दिवशी मी पार घाबरले होते. दुसऱ्या दिवशी ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन, त्यासाठीच धरलेल्या व्रताचा सोळावा सोमवार, आणि देवघरात महादेवामागच्या, व्रत धरताना बसवलेल्या नव्या तांब्याच्या पत्र्यावर काळे डाग. वाटलं, देव नाही म्हणतोय. "ऑपरेशन पुढं ढकला," म्हणून मी रडायला लागले. ह्यांनी पत्रा बसवणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं.

त्यानं डागावर नख फिरवलं. "काकू, चिंच लावली काय?"

"दर सोमवारी घासतो. देवाचं तांबं आहे न बाप्पा."

"काळं पडू नये म्हणून मी वरून लॅकरचा पातळ थर मारला होता. तो तुम्ही घासू घासू काढला."

"म्हणजे देव रागावला नाही?"

"रागावला असता तं सोळा सोमवार चिंच सहन केली असती काय?"

मी ह्यांची दवाखान्याची पिशवी भरायला घेतली.