बाळ नाही, हार्मोन्स!

...आणि वर मलाच म्हणते, "पोट आत घे गं, लोक बघतायत!" अहो, आत घेऊ कुठं? सोनोग्राफीसाठी पाणी पाजून पाजून माझी टाकी केलेली, लघवी डोळ्यांपर्यंत आलेली, आणि तिता नेनिंग... माझी मावशी हो, आई दुबईत दुसऱ्यांची पोरं सांभाळते म्हणून मला सांभाळणारी... ती म्हणते पोट आत घे!

तुम्हाला सांगते, सोळा वर्षांची मी, कितीतरी महिने पाळी नाही, हनुवटीवर केस, शाळेचा स्कर्ट कमरेला लागेना. आमच्या फिलिपिन्सात, सेबू शहरातल्या गल्लीत याचा अर्थ एकच! कोपऱ्यावर भाजलेलं डुक्कर विकणारी नांग पासिंग, सुरा चालवता चालवता विचारते, "कितवा गं?" वर चरबीचा तुकडा जास्तीचा टाकते, "खा, आता दोघांसाठी खायचं!" चर्चमध्ये गाणाऱ्या मुलींत मला उचलून मागच्या रांगेत टाकलं. मला विचारलं कुणी? छे!

आईचा फोन. "कोण आहे तो?" तो?! अहो, जीपनीत, म्हणजे आमच्या वडापच्या गाडीत, माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी पोरं मागं लोंबकळत जातात, आणि म्हणे तो! "आई, शप्पथ, कुणी नाही गं!" "खोटं बोलू नकोस, मी येतेय!" मालकिणीच्या पाया पडून रजा घेतली, तिकीट काढलं. आणि मी काय केलं माहितेय? नाही-नाही म्हणणंच सोडून दिलं. सहा वर्षांनी येणार होती हो ती!... म्हणू देत लोकांना काय म्हणायचं ते. तिच्या उशीला नवा अभ्रा घातला मी.

तर त्या डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बाळबिळ काही नाही. अंडाशयात बारीक गाठी दिसतायत, हार्मोन्स बिघडलेत. त्यानं वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन ते आणखी बिघडवतं."

"म्हणजे मी... आळशी नाही?"

"मुळीच नाही गं."

इतकं रडू आलं! पहिल्यांदा कुणीतरी... पण रडू देईल तर ती तिता कसली! धाडकन दार उघडून, भरल्या बाकांसमोर, "बाळ नाही! हार्मोन्स आहेत!" सगळ्या पोटुशा बायकांनी छातीवर क्रूस काढला. एक म्हातारी विचारते, "म्हणजे मुलगा की मुलगी?" मला कसं वाटतंय, हे विचारलं कुणी? छे!

घरी येऊन आईला सांगितलं. हसली, रडली, सगळ्या संतांची नावं घेतली. "म्हणजे काहीच नाही ना?"

"गोळ्या आहेत आई, रोज चालायचंय, आणि ते केस..."

"मग काहीच नाही, बाळा!"

तिकीट परत केलं तिनं. मी म्हटलं, "हो, काहीच नाही. ये निवांत कधीतरी." आता काय म्हणणार? पोटुशी असते तर आई विमानानं आली असती... नुसत्या आजारी मुलीचं फोनवर भागतं.