शेजारच्या खाटेवरची बोली

लढाई संपली त्या साली कराडच्या स्टेशनवर शालूबाई भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन मिरजेच्या गाडीची वाट बघत होती. त्याच बाकावर तालमीचे वस्ताद शमशेरभाई आणि पलटणीतून काठी टेकत परतलेला नाथाजी बोलत बसले होते.

“वस्ताद, इटलीत दवाखान्यात शेजारच्या खाटंवर अमेरिकेच्या पलटणीतला, मूळचा मेक्सिकोकडचा गडी हुता. रोज सकाळी म्हनायचा, ‘पोनेर्से एन फोर्मा.’ त्यांची स्पॅनिश बोली.”

“म्हंजी काय रं?”

“अंग कमावणं. मी त्येला बैठका शिकवल्या.”

“तवा तुझा पाय कुठं धड हुता?”

“त्येला तर एकच हुता. खाट धरून दोघं मिळून तीन पायांवर मारायचो.”

“आन् आता?”

“लंगड्याला तालमीत घेशीला का?”

“उद्या पहाटं ये. आधी आखाड्याची माती उकरायची. काठी दाराबाहेर ठिव, पायताणासंगट.”

गाडी आली. शालूबाई उठली, पण डब्याकडं गेली नाही.

“आवं दादा, त्यो शब्द परत सांगा की.”

“कशापायी, वैनी?”

“आमचं हे मिरजंला दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून पडल्यात.”

“पोनेर्से एन फोर्मा.”

“पोनेर्से एन फोर्मा... आन् तीन पायांचं बी सांगू नव्हं?”