काट्यावर साठ, रस्त्यावर सहासष्ट

आदरणीय अध्यक्ष प्राचार्य मुंगी सर, व्यासपीठावर विराजमान असलेले आमचे माजी प्राचार्य भय्यासाहेब आपटे, आजच्या सत्कारमूर्ती प्राध्यापिका सुलोचना दिघे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या सुलूताई, सहकारी मित्रांनो, विद्यार्थ्यांनो आणि आपल्या शहरातल्या फ्रीगंजपासून राम घाटापर्यंतच्या सर्व स्नेहीजनांनो,

ताईंनी एकतीस वर्षं इथे फिजिक्स शिकवलं. त्यांच्या विद्वत्तेबद्दल भय्यासाहेब बोललेच. मी केमिस्ट्रीचा माणूस, मी काय सांगणार? मी आपला एक प्रवास सांगतो.

पंच्याण्णव साली, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, मी सेकंडहँड मारुती घेतली. फ्रीगंजातल्या टायरवाल्यानं मला पटवलं, "साहब, बड़ा पहिया डलवा लो, एकदम फॉरेन लगेगी!" घातले. मोठे, आणि तेही वापरलेले.

जूनच्या शेवटी इंदूरला एका लग्नाला निघालो. मागे माझी पत्नी मीरा आणि सहा वर्षांची मुक्ता, पुढे ताई. ताई गप्पा मारेनात. हातातल्या घड्याळाकडे बघायच्या, मग किलोमीटरच्या दगडाकडे.

"अरविंदराव, काटा किती दाखवतोय?"

"साठ. अगदी सांभाळून चालवतोय, ताई."

"मग किलोमीटरला साठ सेकंद लागायला हवेत. चौपन्नच लागतायत. आपण सहासष्टनं चाललोय."

मी हसलो. म्हटलं, मीटर कंपनीचा आहे.

"मीटर बिचारा काय करणार? चाक किती वेळा फिरलं, एवढंच त्याला कळतं. तुमचं चाक मोठं, एका फेऱ्यात जास्त पुढे जातं. आणि वळताना स्टिअरिंग जड लागतंय ना? मघाशी मडगार्डला घासल्याचा आवाज आला."

खरं सांगू? मला राग आला. नव्यानं घेतलेल्या गाडीत बसून कुणी असं बोलतं का?

इंदूरला उतरल्यावर ताईंनी टायरच्या खाचेत चवन्नी उभी करून बघितली. ती उभीच राहीना. "गोटा झालेत हो हे! कोरड्यात चालून जाईल. पण ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर जायला जागाच नाही."

आणि परतताना, साडेपाचच्या सुमाराला, वाटेतल्या सांवेर गावाच्या अलीकडे पाऊस लागला. ताई एवढंच म्हणाल्या, "चाळीस करा. खरे चाळीस, म्हणजे काट्यावर छत्तीस." मी कुरकुरत केले. मीराही मागून म्हणाली, "करा हो!"

पुढच्या वळणावर एक बैलगाडी आडवी अडकलेली. मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी मात्र थांबेना! स्टिअरिंग फिरवतोय, गाडी ऐकत नाही. मुक्ता किंचाळली. बैलगाडी हातभर अंतरावर असताना आम्ही थांबलो.

मीरा मुक्ताला छातीशी धरून रडत होती. ताईंनी आधी मुक्ताला पाणी दिलं, मग पावसात उतरून घसरलेली जागा पावलांनी मोजली.

"सव्वीस पावलं," त्या परत येऊन हळूच म्हणाल्या. "सहासष्टला सत्तर लागली असती." बास. मी मनात सव्वीसपासून सत्तरपर्यंतची पावलं मोजत बसलो. मध्ये ती बैलगाडी होती, तिच्यावर बसलेला म्हातारा होता, आणि मागच्या सीटवर माझं सगळं घर होतं.

दुसऱ्याच दिवशी टायर बदलले. त्यातला एक ताईंनी लॅबसाठी मागून घेतला. फर्स्ट इयरची मुलं आजही तो व्हरांड्यात घरंगळवून घेर मोजतात, ते या सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ती गोष्ट वेगळीच. स्टाफरूममध्ये ही हकीकत सांगताना मी नेहमी म्हणत आलो, "माझा ब्रेकवर कंट्रोल होता म्हणून वाचलो." ताई समोर चहा पीत असायच्या. तीन वर्षांत त्यांनी एकदाही मला अडवलं नाही. का नाही अडवलं, ताई? मला कळलेलं नाही. आज तुम्ही निवृत्त होऊन निघालात, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो: कंट्रोल माझा नव्हता. ताईंनी वेग आधीच उतरवला होता, म्हणून मुक्ता आज तिसऱ्या ओळीत बसली आहे.

ताई, मीराच्या, मुक्ताच्या आणि माझ्या वतीनं तुमचे मनापासून आभार. आयोजकांचे आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत त्याबद्दल आपलेही आभार. ओघात कुणाचा मान राहून गेला असेल, हिंदी-मराठीची खिचडी झाली असेल, तर उदार मनानं पोटात घाला. आणि ताई, जमलं तर माझं तीन वर्षांचं ते खोटंही.